प्रवाहाच्या अलीकडे

“तुम्ही म्हणे बोटीत खाली बसून ‘मला परत न्या, मला परत न्या’ म्हणून ओरडत होतात?” डॉक्टर हसत हसत म्हणाला आणि माझ्या हातातल्या कवळीच्या सुळ्याचं टोक गेलं. घासायचं यंत्र पायाने चालतं, पाय जरा जास्त दाबला गेला, कर्र झालं आणि गेलं. एका म्हातारीची कवळी होती, वरचा सगळा जबडा छान जमून आला होता. मी यंत्र बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, कोण म्हणालं. “कोण म्हणजे? तुमचे मिस्टर! काल दाढ दाखवायला आले होते ना. तोंडात कापूस, अर्धा ओठ बधिर, पण गोष्ट पुरी केल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाहीत. माझी असिस्टंट तर हसून हसून बेजार. एका हातात चाक, दुसऱ्या हाताने तुम्हाला धरलेलं, आणि समोर घराएवढ्या लाटा! काय सांगतात हो, कमाल आहे माणसाची.” डॉक्टर मनाने चांगला आहे, माझ्या मुलीच्या वयाचा असेल, त्याच्या पोटात काही नव्हतं. तो आपला एका धीट माणसाचं कौतुक त्याच्या भित्र्या बायकोपुढे करत होता, तिलाही बरं वाटेल म्हणून. मी म्हटलं, ही आज नाही मिळणार, सुळा नवा लावावा लागेल. तो म्हणाला, काही घाई नाही, आणि जाता जाता दारात पुन्हा एकदा स्वतःशीच हसला.

राग आला की माझे हात गार पडतात. लोकांचं डोकं तापतं, कान लाल होतात, माझे हात गार पडतात आणि त्यांना काही धरवत नाही. मी हात मेण वितळवायच्या दिव्याच्या ज्योतीवर शेकत बसले. दात आणि कवळ्या बनवायची माझी खोली दवाखान्याच्या इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, खिडकीसमोर भिंत आणि पाइप, आणि आत तीन भिंतींवर फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. माणसं मला कधी भेटत नाहीत, त्यांची फक्त तोंडं येतात. तेवढ्यावरून पुष्कळ कळतं. तंबाखूचा पाइप ओढणारा कळतो, एकाच बाजूने चावणारा कळतो, झोपेत दात खाणारा तर लगेच कळतो, त्याच्या दाढांवरचे उंचवटे घासून सपाट झालेले असतात आणि मग एक दिवस एखादी दाढ मधोमध चिरते. माझ्या नवऱ्याची तशीच चिरली. त्या समुद्रातून परत आल्यापासून तो झोपेत दात खातो. इतके करकरा, की मी कूस बदलून उशी कानावर घेते. डॉक्टरला त्याने सांगितलं असणार की सुपारीचा खडा लागला किंवा असंच काही, आणि त्या चिरलेल्या दाढेवर औषध भरून घेता घेता, तोंडात कापूस असताना, मी कशी ओरडत होते ते सांगितलं. याला काय म्हणावं? तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात कधीच अरे-तुरेवर आले आहे.

गोष्ट एकदम एवढी मोठी झाली नाही. पहिल्यांदा ती सांगितली तेव्हा मी शेजारी उभीच होते. आम्ही भलत्याच बंदरात लागलो होतो, जायचं होतं त्या बेटाच्या कितीतरी उत्तरेला, आणि धक्क्यावरच्या माणसाने दोर घेता घेता विचारलं, या हवेत कशाला निघालात. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाला, “बायको जरा घाबरली, म्हणून इकडे वळवली.” माझे खांदे तेव्हा असे भरून आले होते की मला हातसुद्धा वर करवत नव्हता. मला गरम पाणी हवं होतं आणि जमीन हवी होती. शिवाय तासाभरापूर्वी तो लहान पोरासारखा रडला होता, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. म्हटलं, घेऊ दे बिचाऱ्याला. मग ‘जरा घाबरली’चं ‘रडायला लागली’ झालं. त्याच्या टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांना चहा पाजताना त्यात माझ्या उलट्या आल्या. पुढे त्या उलट्या त्याच्या बुटात पडायला लागल्या, कारण बुटावर लोक जास्त हसतात. लग्नाकार्यात, कोणाच्या वाढदिवसाला, कोणी नवं माणूस भेटलं की “हिला विचारा, ही साक्षीदार आहे” असं म्हणून तो मला हाताने पुढे ओढायचा, आणि मी हसायचे. हसायचे, कारण त्यात माझं काही जात नाही असं मला वाटायचं. तो बायकोला नावं ठेवत नाही, फक्त गंमत करतो, असं सगळे म्हणायचे. गमतीला कोण आडवं जातं?

हात शेकून झाले आणि मी नवा सुळा शोधायला खण उघडला तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती गरोदर आहे, आता पोट चांगलं दिसायला लागलं आहे, त्यामुळे तिचा फोन वाजला की मी हातातलं काम तिथेच टाकते. पण आवाज खुशीतला होता. “आई, बाबा बोलले का तुला? शनिवारी सकाळीच निघायचं बेटावर. आम्ही दोघं आणि बाबा. बाळ आल्यावर कुठलं जमतंय, म्हणून म्हटलं आत्ताच जाऊन येऊ.” मी विचारलं, वारा कसा आहे बघितलंत का. “बाबांनी बघितलं असेल की. बाबा आहेत म्हटल्यावर मी कशाला डोकं चालवू?” आणि मग, आवाज खाली घेऊन, अगदी मायेने, “तू नाही आलीस तरी चालेल हं. बाबा म्हणाले, तिला आग्रह करू नका, तिने मागच्या वेळचा धसका घेतलाय.” मी काय बोलले मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर त्या सगळ्या प्लॅस्टरच्या जबड्यांसमोर मी एकटी, मोठ्याने, एक शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की त्या गोष्टीत माझं काय जात होतं. ती हसण्यावारी नेलेली, बुटातली, दुकानातल्या चहाबरोबरची गोष्ट माझ्या मुलीने खरी धरली होती, आणि त्याच गोष्टीच्या जोरावर ती पोटातल्या बाळासकट त्या पाण्यात जायला निघाली होती.

ते पाणी कसं आहे ते कोणाला सांगून कळत नाही. किनाऱ्यावरून बघितलं तर समुद्र सगळा सारखाच दिसतो, पण थोडं आत गेलं की त्यात एक नदी आहे. नदीच म्हणायची, नुसता काठ नाही एवढंच. रुंद, खोल, गर्द निळी, दिवसरात्र उत्तरेकडे धावणारी, आणि बेट तिच्या पलीकडे. वारा दक्षिणेचा असेल, म्हणजे प्रवाह जातो त्याच अंगाला वाहत असेल, तर पाणी मऊ असतं, बायका-पोरं घेऊन, डबे उघडून जेवत पार करावं. पण वारा उत्तरेचा झाला की दोघं समोरासमोर येतात आणि पाणी उभं राहतं. लाट सरकत येत नाही, जागच्या जागी भिंत चढते आणि कोसळते, आणि दोन भिंतींमध्ये बोटीला धड उतरायला जागा नसते. बंदरावरच्या वर्गात आम्हाला हे शिकवलं होतं. बोट घेतली तेव्हा आम्ही दोघांनी त्या वर्गात नाव घातलं होतं; चाळीस फुटी, दोन इंजिनांची, जुनी पण नीट ठेवलेली बोट, नवऱ्याची जन्मभराची हौस. तो थोडे दिवस आला आणि मग म्हणाला, हे सगळं बोटीतल्या नकाशाच्या पडद्यावर दिसतं, त्यासाठी बाकावर कोण बसतंय. मी शेवटपर्यंत बसले. शिकवणारे एक निवृत्त फेरीबोटीचे कप्तान होते, कानाने कमी ऐकायचे, त्यामुळे सगळं ओरडून सांगायचे. तारीख ठरवून कधी निघू नका, असं ते ओरडायचे, वारा बघून निघा, मग तारीख टाका. आणि बेट पूर्वेला असेल तर नाक पूर्वेला धरू नका! नाक दक्षिणेकडे चढतं धरा, आणि प्रवाह तुम्हाला ढकलत ढकलत बेटावर नेईल. जो बेटाकडेच बघत राहतो त्याला बेट मिळत नाही.

माझ्या नवऱ्याने बेटाकडेच बघितलं. त्या दिवशीही त्याने तारीख ठरवली होती, पलीकडच्या हॉटेलात खोली घेतली होती, दुकानाला सुट्टी दिली होती, आणि वारा पहाटेपासून उत्तरेला सरकला होता. मी दोनदा म्हटलं. तो म्हणाला, तुझ्या कप्तानाला फेऱ्या मारायची सवय, ही बोट आहे, तराफा नाही. हिरवट पाणी संपलं आणि निळं सुरू झालं तिथेच पहिला दणका बसला आणि कपाटातल्या बशा बाहेर आल्या. पडद्यावर बेटापर्यंत एक सरळ रेघ होती. प्रवाह बोटीला उत्तरेला ढकलायचा, बोट रेघेवरून सुटायची, की हा नाक पुन्हा बेटाकडे वळवायचा. पुन्हा ढकलायचा, पुन्हा वळवायचा. असं करता करता बेट आमच्या मागे दक्षिणेला राहायला लागलं, आणि शेवटी नाक जवळजवळ सरळ दक्षिणेला, सगळा प्रवाह अंगावर, इंजिनं रेकत राहिलेली आणि बोट जागच्या जागी. त्याला वाटत होतं आपण पुढे जातोय. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते आणि पाण्याकडे न बघता बाजूच्या फेसाकडे बघत होते. फेस मागे जात होता, म्हणून पुढे गेल्यासारखं वाटत होतं, पण आम्ही कुठेच जात नव्हतो. तेवढ्यात डावं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो, शांत पाण्यात तो तिथेच पडून राहतो, पण असं घुसळण झालं की वर येतो आणि गाळणीत अडकतो, इंजिनाला तेल मिळत नाही. हेही वर्गात सांगितलं होतं. निघायच्या आधी गाळण्या बदलायच्या असतात. मी त्याला विचारलं होतं, बदलल्या का, आणि तो म्हणाला होता, नवीनच आहेत.

इंजिन बंद पडलं तेव्हा त्याने चाक सोडलं. हे कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, माझाही बसला नव्हता. त्याने हात वर केले, कोणी ‘हात वर’ म्हटल्यावर करतात तसे, आणि तो खाली बसला, खाली म्हणजे अगदी फरशीवर, आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी कवटाळून “आई, आई” करायला लागला. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोट आडवी फिरली. कुशीवर लाट बसली आणि एक क्षणभर खिडकीतून आकाश नाही, फक्त निळं पाणी दिसत होतं, आणि मला आठवतं, मला राग आला. भीती नाही वाटली, खोटं कशाला सांगू, भीती नंतर वाटली, तेव्हा निव्वळ राग आला, एवढा की माझे हात गार पडले, आणि त्या गार हातांनी मी चाक धरलं. बेट सोडून दिलं. पहिली गोष्ट ती. उरलेल्या इंजिनावर प्रवाहाशी भांडण्यात अर्थ नव्हता. एक भिंत जाऊ दिली आणि तिच्या पाठच्या उतारावर नाक उत्तर-पूर्वेला फिरवलं, प्रवाह जातो त्या अंगाला, आणि लाटा तिरक्या घ्यायला लागले, चढताना जोर, माथ्यावर जोर कमी, उतरताना सावध. परत चढताना जोर. त्यात किती वेळ गेला कोण जाणे. नदी आम्हाला उचलून नेत होती आणि मी फक्त तिच्या पलीकडच्या कडेला सरकत होते. मागे तो रडत होता. मध्येच म्हणाला, “मला परत ने गं.” हे शब्द त्याचे. माझ्या तोंडी घालताना त्याने तेवढे ‘न्या’ केले.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा तो टेबलावर बोटीचे दिवे पसरून एकेक पुसत होता आणि शीळ घालत होता. मी चपला काढल्या नाहीत. “शुक्रवारपासून वारा उत्तरेचा होतोय,” मी म्हटलं. “बघितलं मी,” तो म्हणाला, “थोडाफार आहे.” मी म्हटलं, थोडाफार नाही, आणि मुलीला असं घेऊन जायचं नाही, तिची अवस्था काय, एक दणका नीट बसला तर काय होईल. त्याने दिवा प्रकाशात धरून काचेवर फुंकर मारली. “अगं, तू उगाच घाबरवतेस सगळ्यांना. मागच्या वेळी याहून वाईट होतं. त्यातून काढलीच ना?” “कोणी काढली?” मी विचारलं. त्याने वर बघितलं. मला वाटलं होतं तो नजर चुकवेल, किंवा ओशाळेल, किंवा चिडेल. तो नुसता गोंधळला. “म्हणजे?” तो म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात तो खोटं बोलताना कसा दिसतो ते मला पाठ आहे, डावी भुवई किंचित वर जाते. ती गेली नव्हती. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतक्यांदा सांगून सांगून त्याने स्वतःच्या आठवणीत चाक स्वतःच्या हातात दिलं होतं, आणि मला खाली फरशीवर बसवलं होतं, टेबलाच्या पायाशी, आणि आता तिथे मीच दिसत होते त्याला. खोटारड्या माणसाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं? त्याच्या दाढांना तेवढं आठवत होतं, पण दाढांना कोण विचारतंय.

तरी मी सांगून बघितलं. गुरुवारी मुलीकडे जेवायला गेलो होतो. त्यांचं घर नवं आहे, स्वयंपाकघरातल्या टाइल्स माझ्या नवऱ्याच्या दुकानातल्या, त्याने हौसेने निवडलेल्या. जावई पाणी ओतत होता आणि नवरा गोष्ट सांगत सांगत बुटापर्यंत आला होता. मी ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, “हे सगळं खोटं आहे. चाक मी धरलं होतं. तुमचे बाबा खाली बसून रडत होते.” जावयाने तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, झालं, सुटले. मग नवऱ्याने दोन्ही हात जोडले, माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला, “कबूल. कप्तानीणबाई, तूच काढलीस. आणि बूटही माझा नव्हता, तुझाच होता!” आणि हसले, तिघंही हसले, जावई तर ठसका लागेपर्यंत. “आई, तुम्ही दोघांनी मिळूनच काढली असणार,” तो डोळे पुसत म्हणाला, समजूतदार मुलगा, त्याला कोणाचंच मन दुखवायचं नसतं. नंतर मी भांडी विसळत होते तेव्हा मुलगी पोटावर हात ठेवून माझ्यामागे येऊन उभी राहिली. “आई, एक बोलू? बाबांची एवढी एकच गंमत आहे. चारचौघांत त्यांचा पाणउतारा कशाला करायचा?” मी म्हटलं, तुला मी खोटारडी वाटते का. “तसं नाही गं. पण तू त्या वेळी इतकी घाबरली होतीस, तुला काय काय दिसलं असेल…” मी नळ जोरात सोडला. मला तिच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली, पोटुशा पोरीच्या, आणि त्या वाटण्याचाच पुन्हा राग आला. बंदराच्या कचेरीत मी दुसऱ्या दिवशी फोन करून पाहिला. ते म्हणाले, आम्ही सल्ला देतो, बाई, थांबवत नाही.

शनिवारी मीही गेले. “अरे वा, धीट झाली!” नवरा म्हणाला. धक्क्यावर शेजारच्या बोटवाल्याला तो काहीतरी सांगत होता, टोपी मागे सरकवून, आणि दोघं हसत होते. झेंड्यांच्या दोऱ्या खांबांवर तडतडत होत्या, सगळे झेंडे दक्षिणेला तोंड करून, म्हणजे वारा उत्तरेचा. एवढं डोळ्यांसमोर होतं, पण कोणी बघत नव्हतं. मी सरळ वर चढले, गाळण्यांचं झाकण उघडून बघितलं, या खेपेस खरोखरच नव्या होत्या, कोणा कामगाराने घातल्या असतील. मुलीला मागच्या बाकावर मधोमध बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या, जीवरक्षक जाकिटाचा पट्टा पोटाच्या वर बांधला आणि जावयाला म्हटलं, हिच्या शेजारून हलायचं नाही. मग चाकामागच्या खुर्चीत जाऊन बसले. नवरा दोर सोडून आत आला आणि थबकला. “अगं, ऊठ.” मी म्हटलं, बंदराबाहेर मी काढते. त्याने मागे वळून मुलीकडे बघत डोळा मिचकावला. “काढू दे, काढू दे. हौस फिटू दे तिची. पुढे आपण आहोतच.”

बंदराच्या बांधाच्या आत पाणी शांत होतं. बांध ओलांडल्यावरही किनाऱ्यालगतचं उथळ पाणी नुसतं खडबडीत होतं, त्याने मुलीला काही होणार नव्हतं, ते मी आधी मनाशी ताडून घेतलं होतं. मी हळू नेत राहिले. इंजिनांचा आवाज सगळीकडे भरला होता. नवरा माझ्या खांद्याशी उभा राहून गुणगुणत होता, आणि पुढे कधीतरी त्याचं गुणगुणणं थांबलं. पाण्याचा हिरवा रंग जिथे संपतो ती कड आता समोर दिसत होती, कात्रीने कापल्यासारखी, आणि तिच्यापलीकडे गर्द निळं. क्षितिज एरवी रेघ असतं. आज ते दातेरी होतं. उंचवटे उठत होते, क्षणभर थांबत होते आणि खाली जात होते, पुन्हा दुसरीकडे उठत होते, प्रत्येकाच्या माथ्यावर पांढरं. कडेच्या पुष्कळ अलीकडे मी जोर कमी केला, गिअर काढून इंजिनं मोकळी केली आणि खुर्चीतून उठून बाजूला उभी राहिले.

“घ्या,” मी म्हटलं. “आता तुम्ही न्या.”

बोट हळूहळू डोलायला लागली. तो समोर बघत होता. त्याचे हात जाकिटाच्या खिशात होते आणि खिशांच्या आत मुठी झालेल्या मला दिसत होत्या. त्याच्या गालाचा स्नायू हलत होता, आत दाढांवर दाढा बसल्या होत्या, तो आवाज मला इंजिनांच्या आवाजातूनही ऐकू येत होता, किंवा मला तो ऐकायची सवय होती म्हणून तसं वाटलं. मी थांबले. मला घाई नव्हती. मला वाटलं होतं मला मजा वाटेल, इतके दिवस मी या क्षणाची मनात उजळणी केली होती, पण मजा नव्हती, फक्त तो राग होता, गार आणि स्वच्छ, आणि त्याच्या मागून दया यायला बघत होती तिचाही राग होता. तिला मी एकदा येऊ दिली होती, त्या भलत्या बंदरात. “अगं,” तो खूप वेळाने म्हणाला, “आज कंबर जरा धरलीये माझी.”

“कंबर नको,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डावी भुवई वर गेली, मग खाली आली. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं आणि मला कळलं, त्याला आठवलं. सगळं आठवलं, फरशी, टेबलाचा पाय, सगळं. तो पुटपुटला. ओठ हलले तेवढे दिसले.

“मोठ्याने,” मी म्हटलं. “मागे ऐकू गेलं नाही.”

“मला नाही जमत!” तो ओरडला. “मला जमत नाही. त्या वेळीही नाही जमलं. परत ने!”

मागच्या बाकावर जावई दुसरीकडे बघायला लागला. मुलगी उठून उभी राहिली होती, एक हात पोटावर, दुसरा वरच्या दांडीला. आधी तिने त्या दातेरी क्षितिजाकडे पाहिलं, मग बापाकडे, त्याच्या खिशातल्या हातांकडे. आणि मग माझ्याकडे, असं, की मी कोणी परकी बाई असावी. तिचे ओठ थरथरत होते. माझ्याच ओठांसारखे आहेत ते.

“आई, एवढं ऐकवायला आणलंस आम्हाला इथपर्यंत?”

“हो,” मी म्हटलं, “एवढं ऐकवायलाच.” आणि मी खुर्चीत बसले आणि बोट बंदराकडे वळवली.